डोंगरातला पाऊस आणि अंगावरचे कापड



जून महिना सुरू झाला की आमच्या टेबलावर दोन प्रकारच्या चिठ्ठ्या येऊ लागतात. पहिली, 'पावसामुळे बस चुकली म्हणून उशीर झाला' अशी. दुसरी, 'सर, यंदा पावसाळी ट्रेक कधी आणि कुठे?' अशी. पहिल्या चिठ्ठीवर सही करायला आम्हाला क्षणभर पुरतो. दुसऱ्या चिठ्ठीचे उत्तर मात्र यंदा नीट विचार करून, सर्वांसमोर आणि लेखी द्यावे असे ठरवले. म्हणून हा लेखनप्रपंच.

आमचे पदवीपर्यंतचे शिक्षण वडिलांच्या फौजेतील नोकरीमुळे हिंदी माध्यमात झाले. रेनकोटाला आम्ही लहानपणी 'बरसाती' म्हणत असू. तेव्हा मराठी लिहिताना कुठे हिंदी वळण आले, तर आमच्या मराठीच्या शिक्षकांनी नेहमीप्रमाणे लाल शाईने खूण करावी, आमची हरकत नाही.

आपला पाऊस आणि त्यांचा पाऊस

आपण सीमाभागातली माणसे पावसाच्या बाबतीतही सीमेवरच राहतो. बेळगाव शहरात वर्षाला सरासरी बाराशे-तेराशे मिलिमीटर पाऊस पडतो. निपाणी, चिकोडीकडे सरकावे तसा तो आणखी कमी होतो. तंबाखू आणि सोयाबीन पिकवणारा हा मुलूख. पण बेळगावहून पश्चिमेला जेमतेम सत्तर किलोमीटरवर आंबोली आहे. तिथे वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, म्हणजे बेळगावच्या पाचपटीहून अधिक. अरबी समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि घाटमाथ्यावरच रिकामे होतात. आपल्या वाट्याला उरलेसुरले येते. भूगोलाच्या तासाला हे आपण 'पर्जन्यछाया' म्हणून शिकतो. पण हा शब्द खरा कळतो तो चंदगड, कणकुंबी किंवा आंबोलीला जुलैत उभे राहिल्यावर.

ही गोष्ट आधी सांगण्याचे कारण असे की आपल्या मुलांच्या मनातला 'पाऊस' म्हणजे तासाभराची सर. छत्री उघडली, दुकानाच्या वळचणीला थांबलो, सर गेली. घाटमाथ्यावरचा पाऊस थांबत नाही. तो आडवा येतो, धुक्यातून येतो, झाडांवरून गळतो आणि दिवसदिवस चालतो. तिथे वळचणही नसते. म्हणून शाळेत येताना जो रेनकोट पुरतो तो डोंगरात पुरेलच असे नाही. आणि जो डोंगरात पुरतो तो महागच असला पाहिजे असेही नाही. या दोन वाक्यांतच सगळा विषय आला, पण तो उलगडून सांगणे आवश्यक आहे.

गेल्या जुलैमधील गोष्ट

गेल्या जुलैत आठवी-नववीच्या बेचाळीस विद्यार्थ्यांना घेऊन आम्ही चार शिक्षक पारगडला गेलो होतो. पारगड चंदगड तालुक्यात, अगदी कोकणाच्या तोंडावर. तानाजी मालुसऱ्यांचे चिरंजीव रायबा यांना शिवाजी महाराजांनी या गडाचे किल्लेदार नेमले असे सांगतात, आणि गडावर आजही वस्ती आहे. पायऱ्या चढून माथ्यावर आलो तेव्हा वारा असा सुटला होता की दोन हातांवरचे बोलणे ऐकू येईना.

आठवीतला एक मुलगा, जो एरवी वर्गात आम्हाला बोलू देत नाही, तो मागे पडला आणि गप्प झाला. आमच्या पी.टी.च्या शिक्षकांच्या ते लगेच लक्षात आले. जवळ जाऊन विचारले तर म्हणाला, "सर, हात वळेनात." ओठ निळसर, दात वाजत होते. अंगावर ट्रेकसाठी मुद्दाम घेतलेले काळे जॅकेट. त्याच्या लेबलावर ठळक अक्षरांत 'वॉटरप्रूफ' असे लिहिलेले. चेन उघडून पाहिली तर आतला सुती बनियन आणि शर्ट पिळून काढावा इतका ओला. खाली जीन्सची पँट, ती तर पाणी पिऊन दुप्पट जड झालेली.

जवळच्या घरात त्याला नेले. घरातल्या आजींनी आमचे एक अक्षर ऐकून घेतले नाही. "आधी पोराला सुकं करा की ओ गुरुजी, चहा मागनं," म्हणाल्या आणि आडदांडीवरचे घोंगडे काढून दिले. ओले कपडे उतरवले, अंग कोरडे केले, दुसऱ्या मुलाच्या पिशवीतला कोरडा शर्ट घातला, वरून घोंगडे, मग गूळ घातलेला चहा. पाऊण तासात स्वारी पुन्हा बडबडू लागली. संध्याकाळी बसमध्ये गाणी म्हणण्यात तोच पुढे होता.

याच ट्रेकला दुसरा एक विद्यार्थी खताच्या प्लॅस्टिकच्या पोत्याची खोळ करून आला होता. एक कोपरा दुसऱ्यात खुपसला की डोक्यापासून गुडघ्यामागेपर्यंत झाकणारी ती खोळ आपल्या शेतात कोण ओळखत नाही? बसमध्ये चढताना मुले त्याला हसली होती. घरी आई-वडिलांबरोबर रोप लावणीला जाणारा तो मुलगा. त्याने कमरेला सुतळी बांधून खोळ वाऱ्याला उडू दिली नव्हती आणि आत वडिलांचा जुना लोकरी स्वेटर घातला होता. गडावर बेचाळीस मुलांत सर्वांत कोरडा आणि उबदार तोच होता. उतरताना त्याला कोणी हसले नाही. एकदोघांनी खोळ कशी करायची ते शिकून घेतले.

परत आल्यावर ही हकिगत आम्ही संस्थेच्या बैठकीत सविस्तर सांगितली. चर्चा झाली. एका विश्वस्तांचे म्हणणे, पावसाळी ट्रेक बंद करावेत, जबाबदारी कोण घेणार? दुसऱ्यांचे म्हणणे, बंद कशाला, सर्वांना एकाच प्रकारचे चांगले जॅकेट सक्तीचे करावे. दोन्ही मते मुलांच्या काळजीपोटीच होती. पण त्याच आठवड्यात एक आई शाळेत आल्या. विड्या वळून घर चालवतात. त्या एवढेच म्हणाल्या, "सर, जॅकेट सक्तीचं झालं तर आमच्या पोरीचं नाव आत्ताच काढा. नंतर तिला नाही म्हणायला मला जमायचं नाही."

ट्रेक बंद केला तर सर्वांचाच डोंगर जातो. महाग जॅकेट सक्तीचे केले तर ज्या मुलांचे पाय डोंगरात सर्वांत सराईत आहेत त्यांचाच डोंगर जातो. यातून मार्ग काढायचा तर आधी हे समजून घ्यायला हवे की पावसातले कापड नेमके काय काम करते.

आजी-आजोबांचे रेनकोट

आपल्या भागात रेनकोट हा शब्द येण्याआधीही माणसे पावसात काम करत होती. भातशेतीच्या पट्ट्यात, खानापूर, चंदगड, आजरा या भागांत इरले होते. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा आणि त्यावर पळसासारख्या रुंद पानांचे थर. डोक्यावरून कमरेपर्यंत पाठ झाकणारे. कन्नडमध्ये मलनाडकडे त्याला 'गोरबु' म्हणतात. वाकून रोप लावणाऱ्या बाईसाठी याच्यासारखे साधन नाही. दोन्ही हात मोकळे, आत हवा खेळती, घाम साचत नाही. पुढे पानांच्या जागी प्लॅस्टिकचा कागद आला, पण आकार तोच राहिला. मात्र इरले हे वाकलेल्या पाठीसाठी आहे. उभ्या माणसाला कड्यावरच्या वाऱ्यात ते उडवून लावेल.

दुसरे घोंगडे. बेळगावात कंबळी खूट या ठिकाणाच्या नावातच कंबळी आहे. निपाणीजवळ कुर्ली-आप्पाचीवाडीच्या हालसिद्धनाथाच्या यात्रेला गेलेल्यांनी खांद्यावर घोंगडे टाकलेली धनगर मंडळी पाहिलीच असतील. दख्खनी मेंढीची राठ लोकर, हाताने कातलेले सूत, खड्ड्यातला माग आणि उभ्या धाग्यांना चिंचोक्याची खळ. असे ते कापड तयार होते. त्याची खोळ करून डोक्यावर घेतली की धनगर दिवसभर मेंढरांमागे पावसात उभा राहतो. कन्नड भाषिक त्याला 'कंबळी कोप्पे' म्हणतात. भाषा दोन, पाऊस एक आणि घडीही एकच.

घोंगडे पाणी पूर्ण अडवत नाही. मग ते ऊब कशी देते? लोकरीचा केस स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तीस टक्के एवढी वाफ आत शोषून घेतो, तरी हाताला ओला लागत नाही. केसावर मूळचा तेलकट अंश असतो, त्यामुळे सुरुवातीचे थेंब वरून घरंगळतात. आणि केस कुरळे असल्याने ओले झाल्यावरही ते एकमेकांना चिकटून सपाट होत नाहीत, मध्ये हवा राहते. ती अडकलेली हवाच ऊब देते. सुती कापडाचे याच्या उलट आहे. ते पाणी पिते, अंगाला चिकटते आणि हवेची जागा पाण्याने भरते. स्थिर हवेच्या तुलनेत पाणी सुमारे पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेते. गडावर त्या मुलाची ऊब जी गेली ती बरीचशी बनियन आणि जीन्समधून गेली.

घोंगड्याची अडचण एकच. पूर्ण भिजले की ते उचलवत नाही. एका जागी उभ्या राहणाऱ्या मेंढपाळाला ते चालते, आठवीतल्या मुलाला घेऊन गड चढायला नाही.

कारखान्यातले कापड

पाणी अजिबात आत न घेणारे कापड पहिल्यांदा धंद्याच्या पातळीवर आणले ते स्कॉटलंडमधील चार्ल्स मॅकिंटॉश यांनी. डांबरापासून मिळणाऱ्या नॅफ्थ्यात रबर विरघळवून तो लेप त्यांनी दोन कापडांच्या मध्ये बसवला आणि १८२३ साली त्याचे पेटंट घेतले. पण ते कोट थंडीत लाकडासारखे कडक होत आणि उन्हात चिकट. अमेरिकेत चार्ल्स गुडइयर यांनी गंधक आणि उष्णता यांच्या साहाय्याने रबर पक्के करण्याची रीत शोधली, तिचे पेटंट १८४४ चे. त्यानंतर रबरी कापड खऱ्या अर्थाने वापरण्याजोगे झाले. आपल्या देशात १९२० साली सुरेंद्रमोहन बोस यांनी कलकत्त्यात बेंगॉल वॉटरप्रूफ हा उद्योग सुरू केला. त्यांचा 'डकबॅक' रेनकोट आजच्या आजोबांच्या पिढीला वासासकट आठवत असेल. बदकाच्या पाठीवरून पाणी ओघळते, म्हणून ते नाव.

रबर असो की आजचे पी.व्ही.सी. प्लॅस्टिक, त्यात एक खोट राहते. बाहेरचे पाणी आत येत नाही, तसे आतली वाफही बाहेर जात नाही. चढण चढणारा माणूस घामाघूम होतो. तासाभराने रेनकोट उघडावा तर आत पाऊस पडल्यासारखे. यावर उपाय म्हणून अमेरिकेत बॉब गोर यांनी १९६९ साली टेफ्लॉन या पदार्थाची ताणून अतिसूक्ष्म छिद्रांची चादर बनवली. तिची छिद्रे पाण्याच्या थेंबापेक्षा सुमारे वीस हजार पट लहान, पण वाफेच्या रेणूपेक्षा सुमारे सातशे पट मोठी. थेंब अडतो, वाफ निघते. 'गोअर-टेक्स' या नावाचे कापड ते हेच. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्याची जॅकेटे बाजारात आली आणि आता त्या धर्तीची अनेक कापडे मिळतात.

मग आपण सर्वांनी तेच घ्यावे का? इथे विज्ञानाच्या तासाला डोळे उघडे ठेवणाऱ्या विद्यार्थ्याने हात वर करावा. वाफ जास्तीकडून कमीकडे जाते. हिमालयात किंवा युरोपात बाहेरची हवा थंड आणि कोरडी असते, त्यामुळे आतली वाफ झरझर बाहेर पडते. जुलैतल्या आंबोलीची हवा आधीच बाष्पाने काठोकाठ भरलेली असते आणि फारशी थंडही नसते. तिथे सर्वांत महाग जॅकेटही सुस्तावते. शिवाय वरचे कापड भिजून चिंब झाले की त्याचा श्वास आणखी कोंडतो. म्हणजे हजारो रुपयांचे जॅकेट आपल्या घाटात आपले निम्मे गुण गमावून बसते. आपल्याकडे त्यापेक्षा सैल बेताचे, काखेखाली हवेला वाट असलेले, पुढून उघडता येणारे कापड अधिक उपयोगी.

डोंगर बदलला की कापड बदलते, हे एव्हरेस्टवरही दिसते. १९५३ साली तेनसिंग आणि हिलरी यांच्या अंगावरचे बाहेरचे कपडे सुती आणि नायलॉन धाग्यांच्या वारारोधक कापडाचे होते. त्या उंचीवर पाऊस नसतोच. कोरडे बर्फ झटकले की पडते. तिथला शत्रू वारा. आपल्या सह्याद्रीत शत्रू दोन, पाणी आणि वारा, आणि ते जोडीने येतात. म्हणून हिमालयाच्या फोटोतले फुगीर पिसांचे जॅकेट पाहून कोणी पालकांकडे हट्ट धरू नये. पिसे भिजली की त्यांचा गोळा होतो आणि ऊब संपते.

खरेदी करताना काय पाहावे

गणपत गल्लीत असो, खडेबाजारात असो की निपाणीच्या बाजारात, 'वॉटरप्रूफ' हा शब्द वाचून पैसे काढू नयेत. काही कपड्यांवर पाच हजार किंवा दहा हजार मिलिमीटर असा आकडा असतो. त्याचा अर्थ, त्या कापडावर तेवढ्या उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा केला तरी ते गळणार नाही. दहा हजार मिलिमीटर म्हणजे दहा मीटर, तीन मजली इमारतीएवढा. पावसाचा थेंब स्वतः इतका दाब देत नाही, पण पिशवीच्या पट्ट्याखाली आणि ओल्या दगडावर बसल्यावर दाब वाढतो. आकडा असला तर चांगले, नसला तरी आपली परीक्षा आपण घेऊ शकतो.

१) शिवण पाहा. कपडा उलटा करा. सुई जिथे जाते तिथे भोक पडतेच. आतून शिवणीवर चिकटपट्टी बसवलेली असेल तर ठीक, नुसते टाके दिसत असतील तर कापड कितीही चांगले असले तरी ते गळणार. गडावरच्या त्या काळ्या जॅकेटच्या खांद्यावर नुसते टाके होते.

२) पाण्याची परीक्षा. दुकानदाराची परवानगी घेऊन, नाहीतर घरी, कापडाची झोळी करून त्यात पेलाभर पाणी ओता. दहा मिनिटांनी खालून हात लावा. मग झोळीतल्या पाण्यावर अंगठ्याने दाबून पाहा. शिवणीचा भाग मुद्दाम झोळीत येऊ द्या.

३) टोपी आणि मनगट. टोपीला पुढे छज्जा हवा आणि दोरी हवी. मान वळवली की टोपीही वळली पाहिजे, नाहीतर मूल बाजूचा दगड पाहण्याऐवजी टोपीचे अस्तर पाहील. मनगट आवळता आले पाहिजे. हात वर करून दोर किंवा रेलिंग धरले की पाणी बाहीतून थेट काखेत जाते.

४) रंग. काळा, गडद हिरवा नको. धुक्यात दहा पावलांवरचा मुलगा दिसत नाही. पिवळा, केशरी, लाल यांपैकी काहीही चालेल.

५) माप. आत स्वेटर घालून वर बसेल असे घ्यावे. फार लांब नको, पायात येऊन पडायला होते.

६) पोंचो घेतल्यास कमरेला बांधायला दोरी हवीच. पाठीवरच्या पिशवीसकट झाकणारा पोंचो स्वस्त आणि हवेशीर असतो, पण उघड्या माथ्यावर तो शिडासारखा फुगतो. छत्री गावात आणि रस्त्यावर. कड्यावर आणि विजांच्या कडकडाटात ती बंद.

आता रेनकोटापेक्षाही महत्त्वाच्या दोन गोष्टी. आमच्या एका माजी सैनिक पालकांनी मुलांपुढे बोलताना छान सांगितले की डोंगरात कपडे कांद्यासारखे घालावेत, पदरावर पदर. अंगालगत घाम न साठवणारा पातळ पॉलिस्टरचा खेळाचा टी-शर्ट, त्यावर लोकरीचा स्वेटर, त्यावर वारा-पाऊस अडवणारे कापड. चढताना स्वेटर काढायचा, थांबताना घालायचा. सुती बनियन आणि जीन्स पावसाळी डोंगरात वर्ज्य. ट्रॅक पँट घरात असतेच, तीच घालावी. आणि दुसरी गोष्ट, पिशवीत कोरड्या कपड्यांचा एक जोड, जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत तोंड घट्ट बांधून. पिशवीवर बाहेरून घालायच्या कव्हरपेक्षा ही आतली पिशवी जास्त भरवशाची. घाटात माणूस भिजणारच, घामाने तरी भिजेल. आपल्याला भिजूनही उबदार राहायचे आहे आणि थांबल्यावर कोरडे व्हायचे आहे, एवढे लक्षात ठेवले की खर्चाची अर्धी चिंता मिटते.

पायांचे तसेच. उंच वॉटरप्रूफ बुटात ओढा ओलांडताना वरून पाणी शिरले की ते बाहेर येत नाही. त्यापेक्षा पकड चांगली असलेले, पाणी निथळून जाणारे बूट बरे. तळ झिजलेले बूट कितीही महागाचे असले तरी शेवाळावर चालत नाहीत.

थंडी ओळखावी कशी

पालकांनी हा परिच्छेद मुलांकडून मोठ्याने वाचून घ्यावा. शरीराचे तापमान साधारण ३७ अंश असते. ते ३५ च्या खाली गेले की धोका सुरू होतो. त्यासाठी बर्फ लागत नाही. वीस अंशांची हवा, ओले कपडे आणि वारा एवढे पुरते. आधी कापरे भरते, मग बोटे वळत नाहीत, बोलणे अडखळते, पाय अडखळतात, आणि मूल गप्प होते. स्वतःला काही होते आहे हे त्याला कळत नाही, म्हणून जोडीदाराने ओळखायचे. वाऱ्याच्या आड न्यावे, ओले कपडे काढावेत, कोरडे घालून गुंडाळावे, शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तर गरम गोड काही द्यावे. हातपाय जोराने चोळू नयेत. कापरे थांबूनही मूल गुंगीत जात असेल तर क्षण न दवडता दवाखाना गाठावा. गडावरच्या आजींनी शरीरशास्त्र शिकले नव्हते, पण त्यांनी क्रम अचूक पाळला. आधी सुके, मग चहा.

शाळेने काय ठरवले

विश्वस्त मंडळाने दोन बैठका घेऊन आमचे म्हणणे ऐकले आणि पुढील गोष्टींना मान्यता दिली, याबद्दल आम्ही मंडळाचे आभारी आहोत.

पावसाळी ट्रेक चालू राहील. कोणतेही ठरावीक कंपनीचे जॅकेट सक्तीचे नसेल, आणि शाळा कोणत्याही दुकानाचे नाव सुचवणार नाही. सक्ती कामाची असेल, किमतीची नाही. ट्रेकच्या आधीच्या शनिवारी प्रत्येक विद्यार्थ्याने आपले पावसाचे कापड घेऊन मैदानावरच्या नळाखाली उभे राहायचे. पाच मिनिटांनी खांदे कोरडे निघाले तर ते पास. मग ते दुकानातले असो, मोठ्या भावाचे असो की खताच्या पोत्याची खोळ असो. जे नापास होईल त्याच्यासाठी शाळेची 'रेनकोट पेटी' आहे. माजी विद्यार्थ्यांनी दिलेले सत्तावीस रेनकोट आणि पोंचो, तसेच एकोणीस जुने पण धड लोकरी स्वेटर तिच्यात आजवर जमले आहेत. पेटीतले कापड घेणाऱ्याचे नाव फक्त वर्गशिक्षकांच्या वहीत राहील. ट्रेकनंतर ते धुऊन, सावलीत पूर्ण वाळवून परत करायचे. ओलाच घडी घातला की आठ दिवसांत बुरशी धरते आणि लेप सुटतो, हे घरच्या रेनकोटालाही लागू आहे.

अभयारण्याच्या हद्दीतल्या वाटांवर वनखात्याच्या परवानगीशिवाय जायचे नाही, आणि हवामान खात्याचा लाल इशारा असेल त्या दिवशी बस निघणार नाही. कापड कितीही चांगले असले तरी ते पुराला आणि दरडीला अडवत नाही.

जुलै १६६० मध्ये पन्हाळ्याहून विशाळगडाकडे भर पावसात, रात्रीच्या अंधारात जी माणसे चालली, त्यांच्याजवळ यातले काही नव्हते. दरवर्षी आषाढात शेकडो तरुण पावनखिंडीपर्यंत ती वाट चालतात, आणि आमचेही काही माजी विद्यार्थी त्यात असतात. त्या माणसांची आठवण ठेवण्याचा मार्ग कुडकुडत आजारी पडणे हा नाही. धडधाकट परत येणे आणि पुढच्या वर्षी धाकट्या भावंडाला घेऊन जाणे हा आहे. 'जान है तो जहान है' असे आम्ही हिंदीत शिकलो होतो, मराठीत आपण 'शीर सलामत तो पगडी पचास' म्हणतो. तीही मूळची हिंदीच, हे आमच्या मराठीच्या शिक्षकांनी नुकतेच निदर्शनास आणून दिले आहे.

यंदाचा ट्रेक देवरवाडीचा वैजनाथ आणि महिपाळगड असा ठरला आहे. विड्या वळणाऱ्या त्या ताईंच्या मुलीचे नाव यादीत पहिले आहे. कपाटात न वापरलेला रेनकोट किंवा आखूड झालेला लोकरी स्वेटर असेल, तर पालकांनी तो येत्या शनिवारपर्यंत कार्यालयात आणून द्यावा. लहान मापांची पेटीत अजून कमतरता आहे.

आपला,
मुख्याध्यापक